काळ्या रंगाची कसोटी

१९६६ सालच्या ‘बॅटमॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेत आणि त्याच वर्षीच्या चित्रपटात धावलेली बॅटमोबाईल अमेरिकेतील हौशी मंडळी आजही घरच्या गॅरेजात घडवितात. इंजिन, चाके, गिअरबॉक्स विकत मिळतात. निर्दोष अंग मात्र विकत मिळत नाही. ते घासून घासूनच सिद्ध करावे लागते.

मूळ गाडीची हकीकत व्यापारी घरात विशेष रुचावी अशी आहे. १९५५ साली लिंकन कंपनीसाठी ‘फ्युचुरा’ नावाची प्रदर्शनी गाडी तयार झाली. तिचे पोलादी अंग इटलीतील तुरीन शहरी घिया कारखान्यातील कारागिरांनी हाताने घडविले. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर! पुढे ती गाडी जॉर्ज बॅरिस यांच्याकडे पडून राहिली आणि नाममात्र एका डॉलरला त्यांची झाली. मालिकेसाठी वाहन हवे झाले तेव्हा मुदत अवघ्या काही आठवड्यांची होती; बॅरिस यांनी हाच पडीक माल बाहेर काढून त्याचे रूप पालटले. २०१३ च्या जानेवारीत अ‍ॅरिझोनातील लिलावात त्याच गाडीला ४६ लाख डॉलर आले.

प्रदर्शनांसाठी बॅरिस यांनी मूळ गाडीवरून साचा काढून फायबरग्लासच्या प्रती केल्या. आजचा हौशी कारागीरही याच वाटेने जातो. साच्यातून निघालेले कवच प्रथमदर्शनी पूर्ण भासते, आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते. साच्याला लावलेले मेण त्याच्या पृष्ठभागावर उरलेले असते. ते न धुता घासू लागले, तर घासपेपर तेच मेण आत दाबतो आणि पुढे रंग जागोजागी फाटतो. शिवाय नवे कवच काही काळ आकसत राहते. घाईने रंगविलेल्या गाडीवर काही महिन्यांनी काचतंतूंची वीण वर उमटून येते. म्हणून जाणकार ते कवच काही आठवडे उबेत तसेच मुरू देतात.

पुढची पायरी जोडणीची. फायबरग्लास लवचीक असते. घोड्यांवर ठेवून सरळ केलेले अंग चॅसीवर बसताच वाकते. यासाठी चाके, इंजिन यांचा भार आल्यावरच दारे टांगून भोवतालच्या फटी सारख्या करावयाच्या, आणि मगच पुट्टीचा, म्हणजे आपल्याकडील रंगारी जिला लांबी म्हणतात तिचा, डबा उघडावयाचा.

तळहाताखाली धरलेला पेपर खळग्यात खळग्यासारखाच वळतो, म्हणून लांब सरळ फळीला पेपर लावून तिरकस फुलीच्या दिशांनी घासतात. मधूनमधून भिन्न रंगाचा विरळ फवारा मारतात. घासल्यावर जेथे तो फवारा उरतो तेथे खळगा, जेथे लगेच उडतो तेथे उंचवटा! ८० नंबरच्या पेपरापासून १८०, ३२० आणि अखेर पाण्यात भिजविलेल्या ६०० पर्यंत हा क्रम चालतो. पांढऱ्या गाडीवर थोडे उणे खपून जाते. या गाडीचा चकचकीत काळा रंग मात्र आरशासारखा आहे. छतावरील ट्यूबलाईटची सरळ रेघ त्यात नागमोडी दिसली की प्रायमरपासून पुन्हा आरंभ. कडांवरून धावणारी नारिंगी-तांबडी रेषा आणखी कठोर, कारण कड जितकी धारदार हवी तितकीच ती घासताना लवकर झिजते.

काचतंतूंची धूळ फुफ्फुसास घातक, आणि दोन घटकांच्या रंगातील आयसोसायनेटपुढे साधा मास्क अपुरा. गॅरेज घराला लागूनच असेल तर हा प्रश्न सबंध कुटुंबाचा होतो. शेवटचा हात व्यावसायिक रंगशाळेत देण्यात म्हणूनच काही कमीपणा नाही.

या हौसेचे दुकान थाटले की हिशेब बदलतो. कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिकाने अशा प्रती सुमारे ९० हजार डॉलरला एक याप्रमाणे विकल्या. डीसी कॉमिक्सने दावा लावला. बॅटमोबाईल ही केवळ गाडी नसून कॉपीराइटचे संरक्षण असलेले पात्र आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने २०१५ साली दिला. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. इंडियाना राज्यातील एक कारखाना मात्र रीतसर परवाना घेऊन याच गाडीच्या प्रती बनवितो आणि उघडपणे विकतो.