अंड्याऐवजीं काय घालावें ?

वाढदिवसाचा केक आतां केवळ शहरापुरता राहिलेला नाहीं. शेतावरच्या वस्तीवरही नातवंडांसाठीं तो घरीं भाजला जाऊं लागला आहे. परंतु आपल्यांतील पुष्कळ घरें माळकऱ्यांचीं आहेत. केकांत अंडें पडलें, कीं ज्या आजीनें नातवास वाढविलें तिलाच त्याच्या हातचा घांस घेतां येत नाहीं. कांहीं घरांत मुलासच अंडें सोसत नाहीं. अंगावर गांधी उठतात, क्वचित् श्वासही कोंडतो. म्हणून अंड्याऐवजीं काय घालावें हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याचें उत्तर मात्र एका शब्दांत देण्यासारखें नाहीं. आणि तसें समजून जे चालतात त्यांचें तूप, साखर व श्रम वायां जातात.

अंडें म्हणजे चार गड्यांचें काम एकट्यानें उरकणारा सालगडी होय. तो सुटीवर गेला, तर त्याच्या जागीं कोणास बोलवावें हें ठरविण्यापूर्वीं शेतांत त्या दिवशीं काम कोणतें आहे हें आपण पाहतों. स्वयंपाकघरांतही तोच नियम पाळावा. टरफल काढलेलें मध्यम अंडें सुमारें 50 ग्रॅम भरतें. त्यांत तीन चतुर्थांश पाणी, सुमारें 6 ग्रॅम प्रथिनें व 5 ग्रॅम चरबी असते. तें पिठाचे कण एकत्र बांधतें. फेटल्यास हवा धरून पदार्थ हलका करतें. आंच लागतांच घट्ट होऊन आकार टिकवितें. आणि पिवळ्या बलकांतील लेसिथिन या द्रव्याच्या योगानें तेल व पाणी यांस एकजीव ठेवतें.

बांधण्याचें काम जवसाकडे द्यावें. विदर्भांत रब्बीस जवस पेरणाऱ्या आमच्या बांधवांस ठाऊकच आहे, कीं भिजल्यावर या बियांस बुळबुळीत चिकटा सुटतो. हा चिकटा बियांच्या सालींत असतो. एका अंड्याऐवजीं 1 मोठा चमचा जवसाची पूड 3 मोठे चमचे पाण्यांत कालवून 10 ते 15 मिनिटें ठेवावी. ती अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी लवचिक होते. कणकेचीं बिस्किटें व जाडसर केक यांस ती उत्तम. पूड लागेल तेवढीच ताजी करावी, कारण दळलेल्या जवसांतील तेल लौकर खंवट होतें. बटाट्याच्या कटलेटास तर जवसाचीही गरज नाहीं. थोडें बेसन सारणांत मिसळावें, आणि वरून रवा चिकटविण्यासाठीं मैद्याची पातळ पेज वापरावी.

फुगविण्याचें काम दहीं व सोडा मिळून करतात. दह्यांतील आम्ल आणि खाण्याचा सोडा यांची गांठ पडतांच कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो व तोच पिठास जाळी पाडतो. एक कप दह्यास अर्धा लहान चमचा सोडा पुरतो. सोडा अधिक पडल्यास केक फुगत नाहीं, उलट साबणासारखा कडवट लागतो. पिकलेलें केळें कुसकरून पाव कप घातल्यास एका अंड्याइतका ओलावा मिळतो. पण केळें स्वतः फुगवीत नाहीं आणि त्याचा वास लपत नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें.

केवळ फेटलेल्या अंड्यावर उभ्या राहणाऱ्या पदार्थांस पर्याय बराच काळ मिळत नव्हता. 2014 सालीं फ्रान्समधील जोएल रोसेल यांनीं कडधान्य शिजविलेल्या पाण्याचा फेस होतो हें दाखविलें. आपला काबुली हरभरा रात्रभर भिजवावा, तें पाणी टाकून नव्या पाण्यांत शिजवावा, आणि गाळलेलें पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागाइतकें दाट होईपर्यंत आटवावें. गार झाल्यावर साखर घालून फेटल्यास पांढराशुभ्र फेस येतो. अंड्याच्या एका पांढऱ्या भागाऐवजीं 2 मोठे चमचे पाणी घ्यावें. तथापि हा फेस आंचेवर अंड्यासारखा घट्ट होत नाहीं. म्हणून केवळ त्याच्या भरंवशावर उंच केक करूं नये.

आंचेनें घट्ट होण्याचा गुण पाहावयाचा असल्यास आपला खरवस आठवावा. व्यालेल्या गाईच्या चिकांतील विपुल प्रथिनें उष्णतेनें गोठतात, आणि अंड्यावांचून वडी पडते. चीक नेहमीं मिळत नाहीं. त्या वेळीं दुधास मक्याचें सत्त्व लावून केलेल्या पुडिंगावर समाधान मानावें.

ज्यांनीं असा प्रयोग पूर्वीं केला नाहीं, त्यांनीं दह्याच्या केकापासून आरंभ करावा. 190 ग्रॅम मैदा, सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर व अर्धा लहान चमचा सोडा एकत्र चाळून घ्यावें. 240 ग्रॅम ताज्या दह्यांत 150 ग्रॅम साखर विरघळवून 120 मिलिलिटर बिनवासाचें तेल फेटावें. मग दोन्ही मिश्रणें हलक्या हातानें एक करून विलंब न लावतां तूप लावलेल्या भांड्यांत ओतावीं, आणि 180 अंश सेल्सिअसवर 30 ते 35 मिनिटें भाजावें. मध्यें खुपसलेली काडी कोरडी निघाली म्हणजे केक झाला.

ज्या कृतींत एक किंवा दोन अंडीं सांगितलीं असतील, तेथें हे पर्याय बहुधा चालतात. तीन-चार अंड्यांच्या कृतीशीं झगडूं नये. मुळांतच अंडें न लागणारी कृति घ्यावी. आपली नानकटाई नाहीं का केवळ तुपावर खुसखुशीत होत? दुसरें असें, कीं हे पर्याय अंड्याचें काम करतात, पोषण तेंच देत नाहींत. जवसांत ब-12 जीवनसत्त्व नाहीं. ज्या घरीं अंडें खाल्लें जातें, तेथें मुलांच्या ताटांतून तें काढण्याचा उपदेश आम्ही करीत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. ज्या भगिनी असे केक विकतात त्यांनीं अंड्याचीं भांडीं निराळीं ठेवावीं व आंत काय घातलें तें स्पष्ट लिहावें. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें अंडें असलेल्या पदार्थास शाकाहाराची हिरवी खूण लावतां येत नाहीं. पण नियमाहूनही मोठा आहे तो विश्वास. माळकरी आजी ज्या विश्वासानें घांस घेते, आणि अंडें न सोसणाऱ्या मुलाची आई ज्या विश्वासानें बशी पुढें करते, तो एकदां मोडला म्हणजे कोणत्याही चिकट्यानें पुन्हां जुळत नाहीं.