रात्रपाळीचं रिजेक्शन खरंच जास्त आहे का? बहुमितीय डेटा विश्लेषण समजून घेऊया

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे लहान-मोठे उद्योग वाढत गेले. अशाच एखाद्या युनिटचा महिन्याचा रिपोर्ट समोर आहे असं समजा. आकडे काल्पनिक आहेत, गफलत मात्र नेहमीची आहे.

दिवसपाळीत १०,००० पीस बनले, १५० रिजेक्ट झाले, म्हणजे १.५ टक्के. रात्रपाळीतही १०,००० बनले, पण रिजेक्ट ४१६, म्हणजे ४.१६ टक्के. हा कागद बघून मालक काय म्हणणार? रात्रीचं लक्ष नसतं कामात! मग सुपरवायझरला बोलावणं, ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह कापणं वगैरे ओघाने आलंच.

आता त्याच आकड्यांना आणखी एक प्रश्न विचारा: कोणता पार्ट? हे युनिट दोन पार्ट बनवतं. ब्रॅकेट सोपा, तर बुशचा टॉलरन्स कडक, त्यामुळे त्यात रिजेक्शन मुळातच जास्त. दिवसा ९,००० ब्रॅकेटपैकी ९० गेले, १ टक्का. १,००० बुशपैकी ६० गेले, ६ टक्के. रात्री २,००० ब्रॅकेटपैकी १६, म्हणजे ०.८ टक्के, ८,००० बुशपैकी ४००, म्हणजे ५ टक्के.

नीट बघा. दोन्ही पार्टमध्ये रात्रपाळीचं काम जास्त चांगलं आहे. फक्त अवघड माल त्यांच्या वाट्याला जास्त आलाय. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. इन्सेंटिव्ह कापला असता तर चुकीच्या माणसांचा कापला गेला असता.

बहुमितीय विश्लेषण म्हणजे हेच. पार्ट, पाळी, मशीन, ग्राहक, तारीख या झाल्या मिती, आणि पीसची संख्या, रिजेक्ट, खर्च ही झाली मापं. प्रत्येक माप या सगळ्या मितींच्या छेदावर साठवलं की जो साठा तयार होतो त्याला क्यूब म्हणतात. नावात घन असला तरी मिती तीनच असतात असं नाही. एक मिती पकडून काप काढला की स्लाईस, वर्षावरून महिन्यावर, महिन्यावरून दिवसावर उतरलं की ड्रिल डाऊन. या पद्धतीला ओलॅप हे नाव एडगर कॉड यांनी १९९३ मध्ये रूढ केलं. रिलेशनल डेटाबेसची मूळ कल्पना १९७० मध्ये मांडणारे तेच. पॉवर बीआयसारख्या टूल्सच्या डॅशबोर्डमागे आजही हीच मांडणी असते आणि एक्सेलचा पिव्होट टेबल हे तिचं घरगुती रूप.

पण टूल आलं म्हणजे रिपोर्ट बरोबर आला असं नाही. सगळ्यात जास्त घोळ टक्केवारीत होतो. वरच्या उदाहरणात दिवसाच्या १ आणि ६ ची सरासरी काढली तर ३.५ येते, रात्रीच्या ०.८ आणि ५ ची २.९. खरे आकडे १.५ आणि ४.१६! म्हणून टक्केवारी कधी साठवू नका. बनलेले पीस आणि रिजेक्ट पीस साठवा, हव्या त्या पातळीवर त्यांची बेरीज करा आणि भागाकार शेवटी. पिव्होट टेबलमधलं कॅल्क्युलेटेड फील्ड नेमकं असंच, आधी बेरीज मग भागाकार, चालतं. स्टॉकचं दुखणं वेगळं. गोदामांचा आजचा स्टॉक एकत्र मिळवता येतो, पण सोमवारचा आणि मंगळवारचा मिळवला तर कागदावर दुप्पट माल दिसेल.

आणि तारीख. ही मिती सोपी वाटते, पण रात्रपाळी बाराच्या पुढे जाते. संगणकाच्या घड्याळाप्रमाणे नोंद केली तर एकाच पाळीचा माल दोन तारखांत विभागला जातो, आणि ३१ मार्चच्या रात्री तर दोन आर्थिक वर्षांत. यावर साधा उपाय म्हणजे ‘उत्पादन दिवस’ असा वेगळा कॉलम ठेवायचा आणि पाळी ज्या तारखेला सुरू झाली तीच तारीख त्यात टाकायची. हे काम क्यूब बनवण्याआधी करा. नंतर जुन्या नोंदी उकरत बसणं फार जिवावर येतं.