चकतीवरचे फोटो आणि कणगीतले बियाणे



दसरा-दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघते. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तीत सोसायटीची जुनी पासबुके असतात, मोडका चष्मा असतो, आणि अलीकडे आणखी एक वस्तू सापडू लागली आहे: प्लॅस्टिकच्या चौकोनी फ्लॉप्या किंवा आरशासारख्या चकाकणाऱ्या सीडी. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने कधी आणून ठेवलेल्या, नाहीतर लग्नानंतर स्टुडिओवाल्याने दिलेल्या. घरात आता त्या चालवायला यंत्र नसते. मग पोरे सीडी दोरीला बांधून पाखरे हाकायला शेतात टांगतात आणि फ्लॉप्या उकिरड्यावर जातात.

तसे करण्यापूर्वी हा लेख वाचावा, अशी विनंती आहे. या चकत्यांवर घरातल्या माणसांचे फोटो असू शकतात, आणि ते वाचवण्याची वेळ अजून पुरती गेलेली नाही. मात्र ती फार उरलेलीही नाही.

रोलचे दिवस

तरुण वाचकांना रोलचा कॅमेरा आता सांगावा लागतो. एका रोलमध्ये ३६ फोटो बसत. रोल संपेपर्यंत थांबायचे, मग तालुक्याच्या स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि आठवड्याने आणायला जायचे. फोटो हलला की काळा आला, हे तेव्हाच कळे. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा फोटो काढून कृषी महाविद्यालयातल्या तज्ज्ञाला दाखवायचा म्हटले, तर फोटो हाती येईपर्यंत अळी कोषात गेलेली असे आणि घाटे पोखरून झालेले असत. सल्ला बरोबर मिळे, पण हंगाम निघून गेलेला असे.

फोटो काढला त्याच दिवशी पाहता यावा, ही गरज जगभर होती. ती भागवणाऱ्या पहिल्या घरगुती कॅमेऱ्यांपैकी एक म्हणजे फ्लॉपीवर फोटो ठेवणारा जपानी कॅमेरा, सोनी कंपनीचा ‘माव्हिका’.

चकतीचा कॅमेरा कसा आला

रोलशिवाय, आकड्यांच्या रूपात फोटो साठवणारा पहिला कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. फोटो काळा-पांढरा निघे, तो कॅसेटच्या टेपवर उतरे आणि एका फोटोला २३ सेकंद लागत. तो प्रयोगशाळेतला नमुना होता, विक्रीचा माल नव्हता.

ऑगस्ट १९८१ मध्ये सोनीने आपला पहिला माव्हिका लोकांपुढे ठेवला. ‘मॅग्नेटिक व्हिडिओ कॅमेरा’ या शब्दांवरून हे नाव केले होते. दोन इंची छोट्या चुंबकीय चकतीवर तो ५० चित्रे ठेवी आणि ती दूरदर्शन संचावर पाहता येत. ही चित्रे आकड्यांची नव्हती, टी.व्ही.च्या चित्रासारख्या विद्युत् लहरींची होती. त्या रूपात हा कॅमेरा बाजारात आलाच नाही, पण चकतीवर फोटो ठेवण्याची कल्पना टिकली.

पुढे १९९७ साली तेच नाव घेऊन दोन खरे डिजिटल कॅमेरे आले: एफ.डी. ५ आणि एफ.डी. ७. पहिल्याचे भिंग स्थिर होते. दुसऱ्याचे भिंग दूरची वस्तू दहा पट जवळ आणी. अमेरिकेत त्यांची किंमत अनुक्रमे सुमारे ६०० आणि ८०० डॉलर होती. त्या वर्षीच्या भावाने रुपयांत २१ हजारांच्या आणि २८ हजारांच्या पुढे. आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबाने असा कॅमेरा घेण्याचा प्रश्नच नव्हता.

एका फ्लॉपीत किती मावते?

कणगीत किती पायली धान्य मावते हे आपण मापून सांगतो, तसेच फ्लॉपीचेही माप आहे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कठीण कवचात पातळ प्लॅस्टिकची गोल चकती असते. तिच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय कणांचा लेप असतो. प्रत्येक बाजूवर ८० गोल वाटा आखलेल्या असतात, जणू गोल शेतातले ८० तास. प्रत्येक वाटेचे १८ वाफे आणि प्रत्येक वाफ्यात ५१२ बाइट, म्हणजे ५१२ अक्षरांएवढा मजकूर. आता गुणाकार करावा: २ × ८० × १८ × ५१२ = १४,७४,५६०. यालाच बोलण्यात १.४४ मेगाबाइट म्हणतात.

या कॅमेऱ्याचा फोटो ६४० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच असे. म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. जेपेग नावाच्या पद्धतीने फोटो दाबून लहान केला जाई आणि चांगल्या प्रतीचे पंधरा-वीस फोटो एका फ्लॉपीवर बसत. प्रत थोडी उतरवली तर तीस-चाळीस बसत. आजच्या मोबाइलचा १ कोटी २० लाख ठिपक्यांचा एक फोटो साधारण तीन-चार मेगाबाइटचा असतो. तेवढ्या एका फोटोला अशा दोन-तीन फ्लॉप्या लागतील.

लोकांना तो का आवडला?

कॅमेरा दिसायला सुंदर नव्हता. फ्लॉपी आत बसवायची, म्हणून तो जाडजूड पेटीसारखा. फोटो काढला की आत चकती घरघरे आणि तो लिहून होईपर्यंत काही सेकंद थांबावे लागे. पळत्या बैलजोडीचे लागोपाठ फोटो काढण्याच्या कामाचा तो नव्हता.

असे असूनही अमेरिकेतील शाळांनी, घरे विकणाऱ्या दलालांनी आणि नुकसानीची पाहणी करणाऱ्या विमा कंपन्यांच्या माणसांनी तो उचलून धरला. त्याचे कारण साधे होते. त्या काळचे इतर डिजिटल कॅमेरे फोटो आपल्या पोटात ठेवत. १९९४ सालच्या ॲपल कंपनीच्या क्विकटेक कॅमेऱ्यात पूर्ण प्रतीचे जेमतेम आठ फोटो मावत आणि ते बाहेर काढायला खास तार व खास प्रोग्राम लागे. माव्हिकाचे तसे नव्हते. फ्लॉपी काढली, संगणकात घातली, फोटो समोर आला. त्या काळात बहुतेक संगणकांना फ्लॉपीची खाच होती आणि फ्लॉपी कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळे. एक भरली की दुसरी घातली. फोटो कुणाला द्यायचा तर फ्लॉपीच हातात द्यायची. पाठीमागे अडीच इंची काच होती, तिच्यावर फोटो तिथल्या तिथे दिसे आणि बिघडलेला पुसून टाकता येई.

नवे अवजार आणताना एक कसोटी लावावी, असे आम्ही विस्तार कामात नेहमी सांगतो: त्याचा सांधा आपल्याकडच्या साधनांशी जुळतो का? माव्हिकाचा सांधा जुळला, म्हणून तो चालला.

फ्लॉपी गेली, सीडीही गेली

पण ज्या साधनाशी सांधा जुळवला तेच काही वर्षांत मोडीत निघाले. १९९८ साली ॲपलचा आयमॅक संगणक फ्लॉपीच्या खाचेविनाच आला. फोटोंचे ठिपके वाढत गेले आणि फ्लॉपी अपुरी पडू लागली. सोनीने २००० साली सीडीवर फोटो ठेवणारा माव्हिका काढला. त्यात ८ सेंटिमीटर व्यासाची लहान सीडी बसे आणि तिच्यावर १५६ मेगाबाइट मावत, म्हणजे शंभराहून अधिक फ्लॉप्यांइतके. तरीही नखाएवढ्या कार्डापुढे तोही टिकला नाही आणि २००३ च्या सुमारास ही मालिका संपली. मार्च २०११ मध्ये सोनीने जपानात फ्लॉपी विकणेही थांबवले. जपानच्या सरकारी नियमांत काही कागदपत्रे फ्लॉपीवरच द्यावीत असे कलम होते. ते २०२४ साली काढून टाकले गेले.

माव्हिका आपल्या गावात आला नाही म्हटले तरी चालेल. चकत्या मात्र आल्या. १९९० नंतर तालुक्याच्या गावी संगणकाची दुकाने निघाली, तिथून फ्लॉपी आली. पुढे लग्न, मुंज, बारसे यांच्या सीडी आल्या. परदेशात किंवा मुंबई-पुण्यात असलेल्या लेकाने नातवाचे फोटो सीडीवर पाठवले. म्हणून माव्हिकावाल्यांपुढे आज जो प्रश्न आहे तोच आपल्यापुढेही आहे.

चकती आपोआप का बिघडते?

सोयाबीनचे बियाणे कणगीत ठेवले की दिसायला तसेच दिसते, पण एक हंगाम उलटला की त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. वरून दाणा टपोरा, आतला अंकुर मेलेला. चकतीचेही तसेच आहे.

फ्लॉपीवरील चुंबकीय खुणा कालांतराने क्षीण होतात. दमट हवेत चकतीवर बुरशी धरते. रेडिओच्या स्पीकरमधील लोहचुंबक शेजारी असला तरी खुणा पुसल्या जातात. सीडीवर चुंबक चालत नाही, पण ऊन चालते. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि त्याच्यावर लेझर किरणाने खुणा केलेल्या असतात. उन्हाने व उष्णतेने तो थर खराब होतो. पत्र्याच्या घराचा माळा म्हणजे तर भट्टीच. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: सीडीचा आरशाचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहायच्या बाजूला अगदी पृष्ठभागालगत असतो. त्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

वाचकांनी काय करावे?

१. चकत्या उन्हात वाळत घालू नयेत. मऊ, कोरड्या फडक्याने वरवर पुसाव्यात. सीडी मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल घासू नये.

२. फ्लॉपीचा धातूचा पडदा हलकेच सरकवून आत पाहावे. पांढुरके डाग दिसले तर बुरशी समजावी. अशी फ्लॉपी यंत्रात घालू नये. तिने यंत्राचे वाचणारे टोक घाण होते आणि पुढची चांगली फ्लॉपीही बिघडते. ती जाणकाराकडे द्यावी.

३. फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकती कळ असते. तिथली खिडकी उघडी राहील अशी कळ सरकवावी. मग चुकूनही तिच्यावर काही लिहिले किंवा पुसले जात नाही.

४. संगणकाला बाहेरून तारेने जोडायचे फ्लॉपीचे यंत्र अजून मिळते. प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. मळणीयंत्र जसे चार घरांत मिळून आणतो, तसे गावाने मिळून एक आणावे किंवा तालुक्याच्या जुन्या संगणक दुकानात विचारावे.

५. फ्लॉपी घातल्यावर संगणक कधी कधी ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारतो. अशा वेळी ‘नाही’ म्हणावे. ‘हो’ म्हटले तर उभे पीक नांगरल्यासारखे होईल. एकदा उघडली नाही तर दुसऱ्या यंत्रावर पाहावे. पुष्कळदा तिथे उघडते.

६. आठ सेंटिमीटरची लहान सीडी सरकत्या तबकाच्या यंत्रातच, मधल्या लहान खळग्यात ठेवावी. नुसती फट असलेल्या यंत्रात ती घालू नये, आत अडकते.

७. उघडलेले फोटो लगेच दोन जागी उतरवावेत. एक प्रत घरी आणि एक परगावच्या नातेवाइकाकडे. घराला आग लागली, पूर आला, तरी एक शिल्लक राहते.

८. फोटोखाली नावे लिहून घ्यावीत. कोण, कुठे, कोणत्या साली, हे आज घरातल्या आजी सांगू शकतात. उद्या चेहरा राहील, पण नाव सांगणारे कुणी नसेल.

९. निवडक दहा-वीस फोटोंच्या कागदी प्रती करून घ्याव्यात. कागदाला यंत्र लागत नाही. ६४० × ४८० ठिपक्यांचा फोटो पोस्टकार्डाएवढा बरा येतो, त्याहून मोठा करू नये, फाटल्यासारखा दिसतो.

मोबाइलवाल्यांनीही ऐकावे

‘आमचे सगळे मोबाइलमध्ये आहे,’ असे तरुण म्हणतील. मोबाइल विहिरीत पडतो, चोरीला जातो, दोन-चार वर्षांत बदलला जातो. आणि आज त्यातल्या फोटोंना नुसत्या आठवणींहून अधिक मोल आले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाचा फोटो स्वतः मोबाइलवर काढून नोंदवू लागला. तो फोटो सरकारदरबारी जातो. त्याच दिवशी उभ्या पिकाचा, बांधाचा, विहिरीचा एकेक फोटो आपल्यासाठीही काढावा आणि सालवार वेगळा ठेवावा. गारपीट झाली, ओढ्याने बांध नेला, तर ‘आधी असे होते’ हे दाखवायला आपल्याजवळ काहीतरी राहील.

बियाणे पेरणीपूर्वी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासतो. तशीच वर्षातून एकदा फोटोंची उगवण तपासावी. उघडून पाहावे आणि नव्या जागी उतरवावे. चांगले वाण घरात टिकते ते दर साल पेरल्याने, नुसते कणगीत ठेवल्याने नव्हे. फोटोही एका चकतीवरून दुसऱ्या साधनावर उतरवत गेले तरच पुढच्या पिढीपर्यंत पोचतात.

येत्या लगीनसराईत सगे-सोयरे घरी जमतील. त्यांच्या घरीही अशाच पेट्या असतील. त्यांना चकत्या बरोबर आणायला सांगावे, एखाद्या शिकलेल्या भाच्याला वा पुतणीला यंत्रापाशी बसवावे आणि वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून नावे लिहून घ्यावीत. एका दिवसाचे काम आहे.