हातकडी, अटकेविना

अटक न झालेल्या व्यक्तीच्या मनगटांत चौकशी, अंगझडती किंवा घरझडती चालू असेपर्यंत पोलिसांनी घातलेली हातकडी. अटक केलेल्या कैद्यास बेड्या घालण्याची प्रथा जुनी व सर्वत्र आढळणारी आहे. परंतु ज्याच्यावर आरोप नाही, ज्यास अटक झाल्याचे कोणी म्हणत नाही आणि ज्यास बहुधा थोड्याच वेळात सोडून दिले जाते, अशा माणसाचे हात बांधण्याचा प्रश्न मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुढे आला. अशा प्रसंगी संबंधितास ‘आपणास अटक नाही, केवळ थांबवून ठेवले आहे’ असे सांगण्याचा तेथील पोलिसांचा प्रघात आहे. ज्याचे दोन्ही हात पाठीमागे अडकलेले आहेत, त्याला हा भेद समजणे कठीण असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ अमेरिकेच्या संविधानातील चौथ्या दुरुस्तीत (१७९१) आहे. अवाजवी झडती व धरपकड यांपासून या दुरुस्तीने नागरिकांस संरक्षण दिले आहे. अटकेसाठी गुन्हा घडल्याचे मानण्यास सबळ कारण लागते. रस्त्यावर एखाद्यास क्षणभर थांबवून विचारपूस करण्यास मात्र त्याहून कमी दर्जाचा, तथापि सांगता येण्याजोग्या वस्तुस्थितीवर आधारलेला वाजवी संशय पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने टेरी वि. ओहायओ (१९६८) या खटल्यात ठरविले. क्लीव्हलंड शहरातील एका अनुभवी गुप्त पोलिसाने १९६३ मध्ये दोन इसम एकाच दुकानाच्या खिडकीसमोरून पुनःपुन्हा फेऱ्या घालताना पाहिले, त्यांना हटकले व कपड्यांवरून हात फिरवून चाचपणी केली, तेव्हा त्यांच्याकडे पिस्तुले सापडली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या या निकालपत्राशी न्यायमूर्ती विल्यम डग्लस एवढेच असहमत होते. या खटल्यात हातकडीचा प्रश्नच नव्हता. कल्पिलेली कृती अल्पकालीन व उघड्या रस्त्यावरची होती. पुढे न्यायालयानेच तिच्या मर्यादा आखल्या. संशयितास चौकशीसाठी पोलीस ठाण्यावर नेणे, मग त्यास अटक म्हणा वा म्हणू नका, सबळ कारणाविना बेकायदा होय, असे १९७९ मध्ये ठरले (डनवे वि. न्यूयॉर्क). अटकाव गरजेपेक्षा अधिक काळ असू नये व शक्य तेवढ्या सौम्य साधनांनी व्हावा, असे १९८३ मध्ये सांगण्यात आले (फ्लॉरिडा वि. रॉयर).

असे असूनही हातकडी या चौकटीत शिरली, ती प्रामुख्याने कनिष्ठ संघीय न्यायालयांच्या निर्णयांतून. हातकडी घातली एवढ्यानेच थांबविण्याचे रूपांतर अटकेत होत नाही, हे तत्त्व त्यांनी हळूहळू मान्य केले. संशय हिंसक गुन्ह्याचा आहे काय, शस्त्र असण्याचा संभव आहे काय, पोलीस किती व समोरची माणसे किती, कोणी पळण्याचा प्रयत्न केला काय, या बाबी पाहिल्या जातात. आरंभी अपवाद म्हणून मान्य झालेली गोष्ट पुढे बरीच सवयीची झाली, असे दिसते. शिकागो येथील संघीय अपील न्यायालयानेही २०१३ मध्ये, अशा तात्पुरत्या अटकावांत हातकड्यांचा व लांबत जाणाऱ्या वेळेचा समावेश वाढत असल्याबद्दल चिंता दर्शविली.

घरझडतीच्या संदर्भात प्रश्न अधिक बिकट होतो. कारण तेथे घरात असलेल्या व्यक्तीवर संशय असण्याचीही गरज उरत नाही. वॉरंट घेऊन झडती चालू असताना घरातील माणसांना थांबवून ठेवण्याची मुभा १९८१ मध्ये देण्यात आली (मिशिगन वि. समर्स). तिची कसोटी म्यूलर वि. मेना (२००५) या खटल्यात लागली. कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅली येथे १९९८ मध्ये गोळीबारातील एका टोळीसदस्याचा व शस्त्रांचा शोध घेण्यासाठी पोलीस पहाटे एका घरात शिरले. झोपेत असलेल्या एका तरुणीस त्यांनी बंदूक रोखून उठविले, हातकडी घातली आणि इतर तिघांसह गॅरेजमध्ये दोन ते तीन तास तशाच अवस्थेत ठेवले. तिच्यावर कसलाही संशय नव्हता. ज्यूरीने तिला एकूण ६०,००० डॉलर नुकसानभरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र शस्त्रांचा शोध व एकाहून अधिक माणसांवर ठेवावी लागणारी नजर लक्षात घेता हातकडी वाजवी होती, असे म्हणून खालचा निर्णय फिरविला. निकालावर सर्व न्यायमूर्तींचे एकमत असले, तरी कारणांवर नव्हते. अशा झडतीत हातकडी हा नित्याचा भाग होता कामा नये व वेळ लांबून वेदना होऊ लागल्यास व्यवस्था बदलावी, असा इशारा न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी स्वतंत्र मतात दिला. आठ वर्षांनी बेली वि. संयुक्त संस्थाने (२०१३) या खटल्यात या मुभेची भौगोलिक सीमा निश्चित झाली. घरापासून सुमारे एक मैल दूर गेलेल्या माणसास गाठून पोलिसांनी हातकडी घातली होती व ही अटक नव्हे, असे त्यास सांगितले होते. झडतीच्या जागेच्या लगतच्या परिसराबाहेर ही मुभा चालत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

हातकडी हा बलप्रयोगही आहे. त्याचे मोजमाप ज्या कसोटीने होते, ती ग्रॅहॅम वि. कॉनर (१९८९) या खटल्यातून आली. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे १९८४ मध्ये मधुमेहाच्या एका रुग्णास रक्तातील साखर उतरल्याचे जाणवले. म्हणून तो मित्राच्या मोटारीतून संत्र्याचा रस आणण्यास दुकानात गेला. आतील रांग पाहून तो लगबगीने परतला. ती लगबग एका पोलिसास संशयास्पद वाटली. मोटार थांबविण्यात आली. रुग्ण भोवळ येऊन पदपथाच्या कडेला पडला. मदतीस आलेल्या पोलिसांनी मित्राची विनवणी न ऐकता त्याचे हात पाठीमागे करकचून बांधले व आणलेला रसही त्यास पिऊ दिला नाही. दुकानात काहीच घडले नसल्याचे कळल्यावर त्यास घरी सोडण्यात आले. तोवर त्याच्या पायाचे हाड मोडले होते व मनगटांवर जखमा झाल्या होत्या. घटनास्थळावरील समंजस पोलीस अधिकाऱ्याच्या दृष्टीने कृती वाजवी होती काय, हा वस्तुनिष्ठ निकष न्यायालयाने घालून दिला आणि प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. निकष पोलिसांच्या दृष्टीचा आहे, बांधलेल्या माणसाच्या नव्हे. उलट, मिरांडा निर्णयानुसार (१९६६) मौन पाळण्याच्या हक्काची सूचना केव्हा द्यावी, हे ठरविताना संशयिताच्या जागी असलेल्या समंजस माणसास काय वाटले असते, ते पाहिले जाते. त्यामुळे एकाच माणसास एका प्रयोजनासाठी ‘अटक नाही’ व दुसऱ्यासाठी ‘ताब्यात आहे’ असे म्हणण्याची वेळ येते.

शारीरिक इजेचे कारण साधनाच्या रचनेतही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झालेल्या दातेरी हातकडीचा फिरता बाहू मनगटावर दाबताच बंद होतो आणि दुसरे कुलूप लावले नाही, तर हालचालीबरोबर आणखी घट्ट होत जातो. अंगठ्याच्या मागील बाजूस संवेदना पुरविणारी तंत्रिका मनगटाजवळ त्वचेलगत असते. ती दबल्यास बधिरता येते व काहींच्या बाबतीत ती महिनोन्‌महिने टिकते.

अमेरिकेत पोलीस दले स्थानिक असल्याने धोरणेही दलागणिक भिन्न आहेत. अनेक नियमपुस्तिकांत अटक न झालेल्यास हातकडी घालण्याचा निर्णय अधिकाऱ्याच्या तारतम्यावर सोपविलेला असून, स्वतःची व इतरांची सुरक्षितता राखण्यास आवश्यक तेवढाच काळ ती ठेवावी, असे सांगितलेले असते. दुसरे कुलूप लावावे, घट्टपणा तपासावा, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व लहान मुले यांच्या बाबतीत विशेष विचार करावा, अशाही सूचना असतात. सूचना मोघम आहेत. अलाबामातील एका शाळेत नेमलेल्या पोलिसाने एका नऊ वर्षांच्या मुलीस, तिने शिक्षकास दिलेल्या धमकीबद्दल धडा शिकविण्यासाठी, काही मिनिटे हातकडी घातली. धोका कधीच टळला असल्याने ही कृती घटनाबाह्य होय, असे अपील न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. पुढे मुलीच्या पदरी एक डॉलरची नाममात्र भरपाई पडली. कोलोरॅडोतील ऑरोरा येथे ऑगस्ट २०२० मध्ये चोरीच्या वाहनाच्या गैरसमजातून एका कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलींना तापलेल्या जमिनीवर पालथे झोपविण्यात आले व त्यांच्यापैकी काहींना हातकड्या घालण्यात आल्या. चोरीस गेलेली होती ती दुसऱ्या राज्यातील, तोच क्रमांक असलेली मोटारसायकल. शहराने २०२४ मध्ये १९ लाख डॉलर देऊन तो दावा मिटविला.

अशा घटना एरवी नोंदीतच येत नाहीत. अटकेचा कागद होतो. सोडून दिलेल्याचा बहुधा होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्यान्वये पोलिसांनी थांबविलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या वंशाची व हातकडी घातली की नाही याची नोंद सक्तीची केली, हे या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होय.

इंग्लंडमध्ये हातकडी घालणे हा बलप्रयोग समजला जातो व दर वेळी त्याचे समर्थन अधिकाऱ्यास स्वतंत्रपणे द्यावे लागते. १९६७ चा फौजदारी विधी अधिनियम व १९८४ चा पोलीस व पुरावा अधिनियम हे त्याचे आधार आहेत. लंडनमध्ये जुलै २०२० मध्ये दोन कृष्णवर्णीय धावपटूंना त्यांच्या तान्ह्या मुलासह मोटारीतून जाताना थांबवून हातकड्या घालण्यात आल्या व झडतीत काहीही सापडले नाही. त्यानंतर अटकेपूर्वीच्या हातकडीच्या वापरावर तेथे मोठी टीका झाली.

भारतात टेरी निर्णयासारखी अटकावाची वेगळी कोटी रूढ झालेली नाही. येथील वाद अटक झालेले व न्यायाधीन कैदी यांच्याविषयी झाला. तिहार तुरुंगातील एका न्यायाधीन कैद्याच्या तारेवरून सुरू झालेल्या प्रेमशंकर शुक्ल वि. दिल्ली प्रशासन (१९८०) या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हातकडी सकृद्दर्शनी अमानुष ठरविली. पळून जाण्याचा स्पष्ट धोका असेल व अन्य उपाय नसेल, तरच ती घालावी आणि कारणे लेखी नोंदवावीत, असे त्यांनी सांगितले. उच्च व सामान्य वर्गाच्या कैद्यांत भेद करणारे पंजाब पोलीस नियमही त्यांनी नाकारले. गुवाहाटी येथील रुग्णालयात खाटांना जखडलेल्या स्थानबद्धांविषयी पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्रावरून झालेल्या सुनावणीत (१९९५) न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना हातकडी घालू नये, असे निदेश देण्यात आले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम ४३ (३) मध्ये सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले आणि दहशतवाद, खून, बलात्कार इत्यादी गुन्ह्यांतील व्यक्ती यांना अटक करताना व न्यायालयापुढे नेताना हातकडी वापरण्याचा अधिकार पोलिसांस दिला आहे. ज्यास अटकच झालेली नाही, त्याचा या तरतुदीत उल्लेख नाही.