पाळीव टॅरँट्युलाची माती आणि ओल

हाताच्या पंजाएवढा केसाळ कोळी कोणी हौसेनें घरांत बाळगील, ही कल्पनाच कित्येकांच्या अंगावर कांटा आणील. तथापि युरोप-अमेरिकेंत टॅरँट्युला पाळण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. नीट सांभाळल्यास कित्येक जातींची मादी वीस वर्षेंही जगते. आणि हें सांभाळणें पुष्कळसें पेटींतील मातीवर व तिच्या ओलीवर अवलंबून असतें.

कोळ्याचे पाय स्नायूंनीं आंत ओढले जातात. परंतु त्यांचे मुख्य सांधे ताठ करावयास शरीरांतील द्रवाचाच दाब लागतो. अंगांतील पाणी आटलें कीं पाय पोटाखालीं मुडपूं लागतात. कात टाकतांनाही हाच दाब कामीं येतो. त्या वेळीं कोळी उताणा पडून राहतो. तो मेला असें समजून त्यास हलविणारा नवखा मनुष्य हकनाक त्याचा जीव घेतो.

मग पेटी सदा भिजलेली ठेवावी काय? येथेंच फसगत होते. कोंदट, ओलसर हवेंत बुरशी आणि बारीक किडे माजतात. रानांत बीळ करून राहणाऱ्या जातींना वर ऊन रखरखत असतांही तळाशीं गारवा मिळतो. तात्पर्य, ओल हवेंत नव्हे, मातींत खालीं हवी. नारळाच्या सोडणांतून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा मातींत मिसळून त्याचा चार-सहा इंच थर दाबून बसवावा. मुठींत आवळल्यास त्याचा गोळा व्हावा, पाणी मात्र गळूं नये. पुढें एका कोपऱ्यांतून हळूहळू पाणी सोडलें म्हणजे तळ ओलावतो व माथा कोरडा राहतो. पेटीस समोरासमोर हवेचीं छिद्रें असावींत. थर खोल असला कीं वर मोकळी जागाही कमी उरते. हें बरेंच, कारण उंचावरून पडल्यास ह्या प्राण्याचें नाजूक पोट फुटतें. देवदाराचा भुसा त्यांतील तेलामुळें वर्ज्य.

आर्द्रतामापकावर फार विसंबूं नये. त्याचा कांटा भिंतीजवळची हवा सांगतो, बिळाचा तळ नव्हे. शिवाय जातीजातींत भेद आहेच. चिली देशाच्या रुक्ष भागांतील ग्रामोस्टोला रोझिया कोरड्या मातींत सुखानें राहतो. पाण्याची लहानशी थाळी मात्र हवी. माती भिजविली तर तो जमीन सोडून भिंतीस चिकटून बसतो. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतील वर्षावनांत राहणाऱ्या थेराफोसा ब्लाँडीस तशी कोरड घातक ठरते. त्याला माती अधिक ओली लागते.

भारत व श्रीलंका येथील पोइसिलोथेरिया वंशाचे कोळी झाडांच्या ढोलींत राहतात. त्यांस खोल मातीपेक्षां उभी साल आणि उंच पेटी सोईची. परंतु रान तोडलें जात असल्यामुळें त्यांतील कांहीं जाती दुर्मिळ झाल्या आहेत, आणि २०१९ सालीं ह्या सबंध वंशाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आलें. ढोलींतून कोळी काढून आणणें हा त्यामुळें छंदाचा भाग होऊं शकत नाहीं.