न पिणाऱ्यांची दारूगाणी

फेब्रुवारीत परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. पोरंबाळं पाळण्यांकडे पळतात, माझे पाय कव्वालीकडे वळतात. नवखा सोबत असला की तो हमखास विचारतो, ‘‘पीराच्या उरुसात दारूची गाणी कशी हो चालतात?’’

त्याचंही बरोबरच आहे. मराठी कानाला माहीत असलेला प्याला गडकऱ्यांचा. १९१९ साली रंगभूमीवर आलेला, घर बुडवणारा. इथला प्याला निराळा. उर्दू-फारसीत मद्यावरच्या काव्याला खमरियात म्हणतात. चौदाव्या शतकात शिराजच्या हाफिजने ते गाजवलं. सूफींच्या लेखी साकी म्हणजे गुरू, मैखाना म्हणजे त्याचं दार आणि नशा ईश्वराच्या ओढीची. धर्माचं अवडंबर माजवणाऱ्या कोरड्या जाहिदला या शेरांत भरपूर चिमटे बसतात. मला तर तेच जास्त आवडतात. वारकऱ्याला यात बिचकण्यासारखं काही नाही. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईच्या पंथातही नाम हे अमृतच, फक्त पेला नाही.

गंमत म्हणजे खमरियातचे बादशहा रियाज खैराबादी दारूला कधी शिवलेही नाहीत, असं जाणकार सांगतात.

बैठकीत आधी हम्द, नात, मनकबत होतात. ईश्वर, पैगंबर, वली असा मान दिल्यावरच मैखान्याचं दार उघडतं. मग कव्वाल एका ओळीवर ठाण मांडतो. तीच ओळ पुन्हा पुन्हा, टाळ्या चढत्या, ढोलक पेटलेली. आणि मध्येच भलत्याच शायराचा शेर आणून तो त्या ओळीला अशी गाठ मारतो की मंडपातून ‘वाह’ उठते. याला गिरह लावणं म्हणतात. खरी कसोटी इथे, आवाज नंतर. एवढी नशा पाजून हा गडी स्वतः पेटीच्या आडोशाला ठेवलेला चहा घोटभर घेतो आणि पुढचा शेर उचलतो.

सिनेमाने मात्र प्याला खराच भरला. १९७४च्या ‘फाइव्ह रायफल्स’मध्ये अजीज नाझां यांनी ‘झूम बराबर झूम शराबी’ गायली आणि कव्वाली वरातीत शिरली. आमच्याकडे पोरं तिचीच फर्माईश करतात. जुने रसिक नाक मुरडतात, पण ताल धरतातच.

ऐकायला आलात तर जरा मागे बसा. पुढे बसलं की कव्वाल डोळ्यांत बघून शेर टाकतो, आणि हात आपोआप खिशाकडे जातो.