काट्यावरची पावती व एक्सएमएल फाईल

कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे यवतमाळ, वणी, पांढरकवडा येथील बाजारांत गाड्यांची रीघ लागते. गाडी काट्यावर चढते, वजन होतें, भाव ठरतो आणि शेतकऱ्याच्या हातीं पावती पडते. पूर्वीं हा व्यवहार मुनीमजींच्या वहींत उतरत असे. आतां तो संगणकांत उतरतो. परंतु काट्यावरचा प्रोग्रॅम एक व हिशेबाचा दुसरा. एकाची नोंद दुसऱ्यास कळावी कशी?

ह्या दोहोंमधील दुभाषी म्हणजे एक्सएमएल होय. त्याचे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम ह्या संस्थेनें १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रसिद्ध केले. प्रत्येक माहितीच्या आधीं व नंतर तिचें नांव कोनाकृति कंसांत लिहावयाचें, हें त्यांचें सार:

<पावती>
<माल>कापूस</माल>
<क्विंटल>१२.४०</क्विंटल>
</पावती>

उघडलेली प्रत्येक खूण बंद झाली पाहिजे, व आंतली डबी बाहेरच्या डबींत पुरती बसली पाहिजे. खुणांचीं नांवें देवनागरींत असलीं तरी नियमास बाध येत नाहीं. पेढ्यांवर रूढ असलेला टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम अशा फाईलींतून नोंदी घेतो. मात्र तेथें खुणांचीं नांवें त्यानें ठरविलेलींच लागतात. सर्वांत बाहेरच्या खुणेचें नांव आहे 'एन्व्हलप', म्हणजे लिफाफा.

आतां समजा, एखाद्या नवशिक्यानें कंस, नांव व माहिती हीं नुसतीं एकापुढें एक जोडून फाईल केली. दहा पावत्या ठीक उतरतील. अकराव्या पावतीवर 'जिनिंग & प्रेसिंग' असें खरेदीदाराचें नांव येतांच सारी फाईल नाकारली जाईल! (आणि आपल्याकडे हे दोन शब्द त्या चिन्हावांचून क्वचितच नांदतात.) पुढें एखादा संकेत येणार, असा त्या चिन्हाचा एक्सएमएलमध्यें अर्थ होतो. तें चिन्ह चिन्ह म्हणूनच हवें असल्यास त्यापुढें ए, एम, पी हीं इंग्रजी अक्षरें व अर्धविराम लिहावा लागतो. वेबपानांतील चूक ब्राउझर पोटांत घालतो. एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमनें मात्र चूक दिसतांच थांबावें, असा नियमच आहे. कोणी ह्यास हट्ट म्हणतील; मला तो इष्ट वाटतो. चुकलेली पावती निमूटपणें वगळली गेली असती, तर पैशाची वाट पाहणाऱ्या एका घरास आपली नोंद कोठें हरवली हें कधींच कळलें नसतें.

म्हणून हें लेखन हातानें न जोडतां त्यासाठीं असलेल्या लायब्ररीकडे सोंपवावें. पायथन भाषेबरोबर 'एलिमेंट-ट्री' नांवाची लायब्ररी २००६ पासून मिळते. 'पावती' मांड, तिच्यांत 'क्विंटल' मांड, एवढेंच तिला सांगावें. खुणा बंद करणें व अडचणीचीं चिन्हें पालटणें हें ती स्वतः करते. आंकडा मात्र आधीं मजकुराच्या रूपांत बदलून द्यावा लागतो, नाहींतर ती काम अडविते.

शिवाय फाईल लिहितांना 'यूटीएफ-८' हें लिपीच्या संकेताचें नांव आवर्जून द्यावें. न दिल्यास ती लायब्ररी 'वणी' ह्या नांवाच्या जागीं २३५७, २३३९ व २३६८ हे अक्षरांचे क्रमांक लिहिते. संगणक ते बिनचूक वाचतो. पण फाईल उघडून आपल्या गांवाचें नांव शोधणाऱ्या माणसास तेथें नुसते आंकडे दिसतात.